सिमेंटच्या दरजा

पुण्यात एखादा जुना वाडा पाडायला काढला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक बाजू म्हणते, "इंग्रजांकडे पैसा आहे, त्यांना जुनी घरं जपणं परवडतं." दुसरी म्हणते, "तिकडच्यासारखा कडक कायदा आणा." इंग्लंडातून हे ऐकताना दोन्हींचा राग येतो.

मोठमोठ्या इस्टेटींच्या फाटकाशी द्वारपालासाठी बांधलेली छोटी घरं, म्हणजे इथले गेट लॉज, घ्या. सफोकमधल्या रेंडलशॅमचा हॉल, म्हणजे इस्टेटीचं मुख्य मोठं घर, १९४९ साली पाडला. त्याचं वुडब्रिज लॉज मात्र उभं आहे, छपरावरून मधल्या धुराड्याला भिडणाऱ्या कमानदार टेकूंसकट. विसाव्या शतकात इंग्लंडनं अशी हजाराहून जास्त मोठी घरं पाडली. फाटकावरची पुष्कळ वाचली, कारण तेवढ्या घरात साध्या कुटुंबाला राहता येतं.

पैशाचं म्हणाल तर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या, घरातल्या मंजूर बदलांवर ऑक्टोबर २०१२ पासून २० टक्के व्हॅट आहे. दुरुस्तीवर तो आधीपासूनच होता. कोरं घर बांधलं तर शून्य! कायदा कडक आहे, परवानगीशिवाय बदल केला तर गुन्हा होतो. पण कायदा दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, भरत नाही.

आणि लॉज मरतं ते दरजांतूनच. मऊ विटांच्या भिंतीत कोणीतरी सिमेंट भरतं. आतली ओल मग दरजेऐवजी विटेतून बाहेर पडते, क्षार विटेतच साचतात आणि पहिल्या कडक थंडीत विटेचा पापुद्रा उडतो. उपाय महाग नाही, चिकाटीचा आहे. सिमेंट छिन्नीनं काढायचं. ग्राइंडर लावला की विटेच्या कडा गेल्या. दरज रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी करायची, पाणी मारायचं, मग एनएचएल ३.५ (ओलीतही धरणारा नैसर्गिक) चुना एक भाग आणि जाडसर वाळू अडीच ते तीन भाग घट्ट दाबून भरायची. जरा आवळली की ताठ ब्रशनं ठोकायची, वर ओलं गोणपाट. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर काम हातात घ्यायचंच नाही. गोणपाटाचा कंटाळा केला की चुना वाळतो, पण धरत नाही.

चुना आपल्याला कोणी शिकवायला नको. दगडी चाकाच्या घाण्यात मळलेल्या चुन्यावर वाडे उभे राहिले. त्याच भिंतींना आपण सिमेंटचा गिलावा केला, सागवानी खांबांचे पाय त्यात गाडले. खांब तळाशी कुजला की "धोकादायक" अशी नोटीस लागते.

माझी तुलना सोयीची आहे, हे मान्य. लॉजला बहुधा एकच मालक असतो. वाड्याला वीस वारस, पंधरा भाडेकरू. तो गुंता चुन्यानं सुटत नाही, आणि त्यात रोज जगणाऱ्यांना इथून बोल लावायचा मला काय अधिकार? वाड्यात माझा वाटा नाही, लॉजला माझं म्हणवत नाही. तरी कुठल्याही जुन्या भिंतीत सिमेंटची करडी रेघ दिसली की छिन्नीसाठी हात शिवशिवतात, इथं आणि तिथंही.