एक स्टार ठेवा भाऊ, पण रेंज माझ्या गल्ल्यात नाही

राम राम भाऊ. तुमचा रिव्ह्यू दुकानातल्या पोराने मोठ्याने वाचला तेव्हा काउंटरला गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून उत्तरही सगळ्यांदेखतच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून घेतलेल्या सिमला अडावदच्या पुढे तुमच्या केळीच्या मळ्यात रेंज नाही, रात्री मोटरच्या स्टार्टरला (फोनची रिंग दिली की विहिरीवरची मोटर चालू करणारा, सिम घातलेला डबा) फोन लागत नाही, रिचार्जचे भाव आम्ही मनाला येईल तसे वाढवतो, २८ दिवसांचा महिना करून लुटतो, आणि तक्रार घेऊन आलात तर आम्ही हात वर केले. शेवटी लिहिलंय, ‘ट्रायवाले झोपलेत का? असल्या दुकानांवर धाड टाका.’

धाड आली तर चहा पाजू. पण ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिचा हात दुकानापर्यंत पोचत नाही भाऊ. तो कंपनीपर्यंत पोचतो, आणि तिथेही किती पोचतो तेच सांगायला बसलोय.

आधी भावाचं. रिचार्जच्या शंभर रुपयांमागे आम्हाला जेमतेम दोन-तीन रुपये सुटतात. भाव ठरवायला आमच्याकडे काही नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर चढवले, तेव्हा आम्हालाही ते तुमच्यासारखंच बातम्यांतून कळलं. आणि त्या शिव्या मात्र पंधरा दिवस काउंटरवर आम्ही खाल्ल्या.

तुम्हाला वाटतं की कंपनीने दर वाढवायच्या आधी ट्रायचा शिक्का लागत असेल. नाही लागत. ट्राय १९९७ मध्ये आली, १९९९ मध्ये तिने दरांचा आदेश काढला, आणि पुढे मोबाइलचे दर ठरवणं कंपन्यांवरच सोडलं. कंपनीने पॅक बाजारात आणायचा आणि सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचं. ट्राय काय बघते? पॅकमध्ये छुपं काही आहे का, एका गिऱ्हाइकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं चाललंय का, समोरच्या कंपनीला बुडवण्यासाठी तोट्यात विकतायत का. महाग झालं का, हा प्रश्न त्या कागदावर नसतोच. एका सर्कलमध्ये, म्हणजे फोनसेवेच्या एका विभागात, पाच-सहा कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या तेव्हा हे ठीक चाललं. १९९५ मध्ये मिनिटाला १६ रुपये होते, २००३ पर्यंत आलेल्या फोनचेही पैसे कापले जायचे. ते स्वस्त झालं ते स्पर्धेनेच. आता खासगी तीन आणि सरकारी एक उरली. माझं मत विचाराल तर आता तरी दराकडे कुणीतरी वरून बघायला हवं. पण माझ्या मताला डिस्ट्रिब्युटरसुद्धा विचारत नाही.

२८ दिवसांचं तुमचं दुखणं खरं आहे. वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला: प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचा ठेवायचा आणि एक असा ठेवायचा की दर महिन्याच्या त्याच तारखेला संपेल. ते पॅक आमच्याकडे आहेत. पण काउंटरवर येऊन कुणी ‘तारखेचा द्या’ म्हणत नाही, ‘सगळ्यात स्वस्त द्या’ म्हणतात, आणि स्वस्त तो नेमका २८ वाला निघतो. पोर तोच मारतो.

आता तुमच्या स्टार्टरवर येतो, कारण खरं प्रकरण तिथे आहे. स्टार्टरच्या सिममध्ये तुम्ही दर वेळी रोजच्या दीड जीबीचा पॅक टाकता. मोटर काय रील बघणार आहे? तिला फक्त रिंग जायला हवी. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक ठेवणं बंधनकारक केलं, आणि अशा व्हाउचरची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत न्यायची मुभा दिली. स्टार्टरला तोच टाका. हे तुम्हाला मागच्या वेळी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, नेट असलेलं बरं.

दुसरं, तुमचा स्टार्टर जुना आहे, आतलं मॉड्यूल २जीचं. म्हणजे खिशातल्या फोनला ४जीचे चार दांडे दिसले तरी स्टार्टरला त्याचा उपयोग नाही. त्याला २जीचा सिग्नल विहिरीपर्यंत यायला हवा. ज्या कंपनीचं २जी नाहीच, तिच्यात पोर्ट केलंत, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदललीत, तर मोटर कायमची मुकी होईल. असं करून फसलेले मळेवाले महिन्या-दोन महिन्यांत एखादा तरी येतोच. म्हणून पोर्टचा मेसेज टाकण्याआधी शेजारच्या मळेवाल्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम मागून घ्या, आपल्या स्टार्टरमध्ये घालून संध्याकाळी रिंग देऊन बघा. सिम विकलं तर मला चार पैसे सुटतात, तरी सांगतोय.

तुम्ही लिहिलंय की कंपनी ‘शंभर टक्के रेंज’ म्हणते आणि ट्राय मान हलवते. ऑक्टोबर २०२४ पासून नवे गुणवत्ता नियम लागू आहेत. त्यात कंपन्यांना आपापल्या साइटवर रेंजचा नकाशा टाकावा लागतो, कुठे २जी, कुठे ४जी, कुठे ५जी. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचं शिवार काढून पाहिलं. रस्ता रंगलेला, गाव रंगलेलं, आणि नाल्याच्या अंगाला सातपुड्याकडे सरकलं की रंग संपतो. तुमची विहीर त्या कडेवर बसते. दुकानात या, दाखवतो. त्या पानाचा फोटो तक्रारीला जोडायचा. आणि उद्या नकाशात रंग असून फोन लागला नाही, तर तक्रार आणखी पक्की.

कॉल तुटण्याची मर्यादा दोन टक्के आहे, आणि तो हिशोब पूर्वी तिमाहीला व्हायचा, आता महिन्याला होतो. पण तो पुऱ्या सर्कलचा. आपलं सर्कल म्हणजे मुंबई सोडून महाराष्ट्र आणि वर गोवा! पुणे, नाशिक, पणजी सगळे मिळून हिशोब केला तर आपल्या चोपडा तालुक्यातल्या नाल्याकाठचे तुटलेले फोन त्यात मावून जातात. ट्राय स्वतंत्र गाडीही फिरवते, आत फोन लावून कॉल मोजते. गाडी चांगलीच, पण ती डांबरावरून जाते, केळीच्या सरीतून नाही.

कॉल तुटला की एक रुपया भरपाई, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने २०१५ मध्ये केला होता. कंपन्या कोर्टात गेल्या आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा ट्रायवाले झोपलेत म्हणणं पूर्ण खरं नाही. उठतात, पण कधीकधी त्यांनाच बसवलं जातं.

आणि टॉवर कुठे उभारायचा हे तर ट्रायच्या हातात नाहीच. लायसन्स देतो दूरसंचार विभाग. जुन्या लायसन्सात जिल्ह्याच्या ठिकाणांचा हिशोब असायचा, शिवाराचा आणि पाड्याचा नाही. जिथे कंपनीला परवडत नाही तिथे सरकारी निधीतून टॉवर लागतात. नंदुरबार आकांक्षित, म्हणजे सरकारने मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांत आहे, त्यामुळे अक्कलकुवा-धडगावकडे त्या योजनेचा रस्ता आहे. आपला तालुका जळगाव जिल्ह्यात, तो त्या यादीत नाही.

हात वर केल्याचं म्हणता. मी तुम्हाला १९८, म्हणजे कंपनीचा तक्रारीचा नंबर, लावायला सांगितलं, तुम्ही म्हणालात, ‘तुम्हीच लावा, दुकान तुमचं.’ तक्रार ज्याच्या नावावर सिम आहे त्याचीच धरतात भाऊ, आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, त्याच्याच मोबाइलवर येतो. तो नंबर नसेल तर पुढे कुणी ओळखत नाही. उत्तर पटलं नाही, किंवा आलंच नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं; पैसे लागत नाहीत, आणि त्याला ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्रायला थेट लिहाल तर ते एकेकट्याची तक्रार सोडवत नाहीत, कंपनीकडेच पाठवतात. अपिलानंतरही भागलं नाही तर दूरसंचार विभागाचा तक्रार पोर्टल आहे, आणि जळगावचा ग्राहक आयोगही. टेलिफोनची भांडणं ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कंपन्या बरीच वर्षं सांगायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालतात असं स्पष्ट केलं.

मागच्या वादळात दोन दिवस टॉवर बंद होता त्याचे पैसे परत मागताय, तेही सांगून टाकतो. नव्या नियमात प्रीपेडची मुदत वाढवून मिळते, पण अख्ख्या जिल्ह्याची सेवा २४ तासांच्या वर बंद राहिली तर. एका टॉवरला ते लागू होत नाही.

स्टार तुम्हाला द्यायचे तेवढे द्या. फक्त ‘दुकानदार भाव वाढवतो’ एवढं वाक्य काढलंत तर बरं होईल, कारण ते वाचून काल एक आजी माझ्याशी रिचार्जवर घासाघीस करत होत्या. तक्रार भरायला या, पोर मदत करेल. येताना सिम ज्यांच्या नावावर आहे त्या तुमच्या वडिलांना आणि स्टार्टरमधलं सिम सोबत आणा. ऊन फार आहे, दुपारी एक ते चार शटर खाली असतं.