दहाच्या नाण्याखाली तीन भोकं

पुण्यातल्या नेमबाजांच्या आणि निवृत्त फौजींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. फोटोत शंभर मीटरवरच्या टार्गेटवर तीन भोकं, त्यांवर दहाचं नाणं. खाली मजकूर: चांगली बॅरल (नळी) लावली की कुठलीही सेमी-ऑटो रायफल (गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी) एक एमओए देते, म्हणजे तेवढ्या बारीक पसाऱ्यात गोळ्या मारते, नाही दिली तर बॅरल खराब, बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवरची पोरं याहून बारीक मारतात. (पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना अशी रायफल परवान्यावर सहजी मिळणारही नाही, पण ते असो.)

आधी फोटो. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर मीटरवर साधारण 2.9 सेंटिमीटर. ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या भोकांचा पुंजका, मोजतात तो सर्वांत लांबच्या दोन भोकांमधल्या अंतरावर, त्यामुळे राउंड (झाडलेल्या गोळ्या) वाढले की ग्रुपही वाढतोच. रायफल, नेमबाज, काडतूस तेच ठेवलं तरी दहा राउंडांचा ग्रुप सरासरीने तीन राउंडांच्या दीडपटीहून मोठा येतो. हे संभाव्यतेचं साधं गणित आहे, बॅरल त्याला काही करू शकत नाही. त्यात दिवसभरातला सर्वांत देखणा कागदच फोटोसाठी निवडला असेल, आणि तसंच करतात, तर त्या फोटोवरून रायफलीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

दुसरं, सगळं श्रेय बॅरलला देणं. क्रोमचा थर असलेल्या बॅरलमध्ये साधं लष्करी बॉल काडतूस (फौजेचं नेहमीचं) घातलं, तर तीन-चार एमओए आले म्हणून तक्रार करू नये. त्याच बॅरलला मॅच काडतूस (स्पर्धेसाठी काटेकोर बनवलेलं) दिलं की दीड-दोनपर्यंत येतं. क्रोम असतो गंज आणि झीज रोखायला. जाड स्टेनलेस बॅरल, तिला कुठेही न टेकणारा हँडगार्ड (बॅरलभोवतीची हाताने धरायची मूठ) आणि मॅच काडतूस, एवढं जमलं तर दहा राउंडांत एकच्या आसपासची आशा धरावी. पाषाणच्या एआरडीईत (संरक्षण खात्याची शस्त्र-संशोधन संस्था) आखलेल्या इन्सास या लष्करी रायफलीकडूनही फौजेला बारीक ग्रुपाच्या आधी हवं होतं ते चिखलात, थंडीत न अडकता चालणं.

याच्या उलट टोकाचे लोक म्हणतात, सेमी-ऑटोत पुढचा राउंड भरायला काडतुसाचा गॅस वापरतात, त्या गॅसमुळे नेम बिघडतो. तेही पटत नाही. बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे सरकेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. त्रास होतो तो बॅरलला जोडलेली स्लिंग (रायफलीचा पट्टा) ताणल्याने, किंवा मॅगझिनमधून राउंड चेंबरमध्ये आदळत गेल्याने. हाताने भरलेला पहिला राउंड कधी कधी बाकीच्यांपासून वेगळा पडतो, तो यामुळेच.

बालेवाडीचा दाखला तर इथे लागूच पडत नाही. तिथे सराव केलेल्या स्वप्निल कुसळेने 2024 साली पॅरिसला कांस्य मिळवलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचा प्रकार). त्या प्रकारात .22 ची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (बोल्ट दर वेळी हाताने ओढायची) असते, एकेक राउंड हाताने भरतात आणि काडतुसांचा लॉटसुद्धा बॅरलवर तपासून निवडतात.

राहिली ‘खराब बॅरल’. दोन एमओए देणारी सेमी-ऑटो ठणठणीत आहे. चांगल्या काडतुसावरही पाच-सहा येत असतील, तर बॅरल बदलण्याआधी स्कोपच्या माउंटचे स्क्रू आवळून बघा, मग नळीच्या तोंडाची कड.