डब्यावर खरं लिहायला काय जातं यांचं?

तीन आठवडे झाले, मी घरासाठी एक नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारा, आत डिस्क बसवायचा डबा, घ्यायचा म्हणून फिरतोय आणि आज डोकं पार फिरलंय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप यायची नाही, म्हणून लिहितोय.

आधी हे कशासाठी ते सांगतो. आमच्या बाबांनी कितीतरी वर्षं तान्ह्या पोळ्याला नागपुरात इतवारीत गर्दीत उभं राहून मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो काढले. काळी मारबत, पिवळी मारबत, दोघींची भेट, त्या त्या वर्षीचे बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे, पोरांच्या आरोळ्या. एक वर्ष चुकवलं नाही. त्या निगेटिव्ह मी दोन वर्षं रात्री बसून स्कॅन केल्या आणि एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर ठेवल्या. गेल्या महिन्यात ती डिस्क टक् टक् करायला लागली आणि संपली. वर्ध्याला बहिणीकडे एक जुनी कॉपी होती म्हणून अर्धं तरी वाचलं. बाकीचं गेलं. घर बदलताना निगेटिव्हही भिजल्या होत्या आणि बाबाही आता नाहीत.

तेव्हा ठरवलं की आता नीट करायचं. राउटरला जोडलेला एक डबा, त्यात दोन डिस्क, घरातल्या चारही फोनचे फोटो आपोआप त्यात जातील, बाबांचा संग्रह त्यात राहील, आईला टीव्हीवर बघता येईल. एवढंच. काही रॉकेट सोडायचं नव्हतं.

बर्डीच्या बाजारात तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं: "दोन डिस्क आहेत ना भाऊ, मिररिंग होते, म्हणजे बॅकअप झालाच." नाही झाला! कितीदा सांगायचं? मिररिंग म्हणजे एका डिस्कवर जे होतं ते त्याच क्षणी दुसरीवर होतं. पोरानं चुकून फोल्डर उडवलं की दोन्हीकडून उडालं. व्हायरसनं फायली कुलूपबंद केल्या की दोन्हीकडच्या केल्या. एक डिस्क मेली तर काम चालू राहावं, एवढ्यासाठीच ती सोय आहे. 22-23 सप्टेंबर 2023 ची रात्र विसरले का हे लोक? अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी तळमजल्यावरच्या घराघरांत शिरलं. माझ्या मित्राच्या घरी दिवाण बुडाला होता. त्या घरात टीव्हीखाली ठेवलेल्या डब्यात दोन डिस्क असत्या काय आणि चार असत्या काय! तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम आहे. बॅकअप म्हणून वस्तू विकणाऱ्याला तो माहीत नसावा? की माहीत असून सांगत नाही?

पण माझा खरा संताप डिस्कवर आहे.

हार्ड डिस्क दोन प्रकारच्या येतात. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते छपरावरच्या कवेलूसारखे एकावर एक चढवलेले असतात, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त माल बसतो आणि कंपनीला स्वस्त पडतं. आपल्याकडे ज्यानं कवेलूचं घर पाहिलंय त्याला पुढचं सांगायची गरज नाही: मधलं एक कवेलू बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. डिस्कचं तेच. एका जागी लिहायचं तर शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. नुसत्या फायली साठवून ठेवायला ठीक आहे. पण नॅसमधली एक डिस्क मेली, तिच्या जागी नवी टाकली की त्या नवीवर सगळं भरायचं काम सलग तासन् तास चालतं. तिथे एसएमआर इतकी मागे पडते की काही वेळा नॅस तिला बिघडलेली समजून बाहेर काढतो. नेमका जीव वाचवायच्या वेळी!

आणि हे लपवतात. 2020 च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलला कबूल करावं लागलं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेडच्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. लोकांच्या डिस्क भरताना अडकायला लागल्या, लोकांनी स्वतः खोदून काढलं, तेव्हा कुठे बोलले. मग सीएमआरवाल्या डिस्कना रेड प्लस असं नवं नाव दिलं. ज्यानं आधीच पैसे मोजले होते त्यानं काय करायचं होतं?

हे सगळं वाचून मी दुकानात गेलो होतो. शब्द मोजून सांगितलं: नॅससाठी पाहिजे, 4 टीबीच्या दोन, सीएमआरच पाहिजे. "हाव भाऊ, तेच देतो." दोन डिस्कचे 17,400 रुपये दिले. घरी आल्यावर डिस्कच्या खोक्याच्या सहाही बाजू वाचल्या. टीबी लिहिलंय, वेग लिहिलाय, वॉरंटी लिहिली आहे, पण एसएमआर की सीएमआर, एक अक्षर नाही. शेवटी मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरचा तक्ता शोधला. एसएमआर. दोन्ही. साधी डेस्कटॉपची डिस्क, नॅसची नाहीच. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, खोकं उघडलं, आता परत होत नाही. अरे, खोकं उघडल्याशिवाय मला कळणार कसं?

आता डब्याबद्दल, म्हणजे नॅसबद्दल. रिकाम्या डब्याचे 22 हजार. डिस्क वेगळ्या. मिररिंग केलं की 4 आणि 4 टीबी मिळून वापरायला 4 च मिळणार हे कुणी आधी बोलत नाही. बहुतेक घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान 0 ते 40 अंश लिहिलेलं असतं. राजेहो, इथे मे महिन्यात बाहेर 45 असतं आणि दुपारी बंद खोलीत 40 सहज होतं! मी विचारलं तर म्हणे कूलरसमोर ठेवा. कूलरची ओली हवा त्या मशीनवर सोडू? लाईन गेली की डिस्क लिहिता लिहिता बंद पडते. त्यासाठी यूपीएस लागतो, तोही यूएसबीनं नॅसला जोडता येणारा, म्हणजे लाईन गेल्यावर नॅस स्वतः नीट बंद होतो. तिन्ही दुकानांत एकानंही यूपीएसचा उच्चार केला नाही. "जगात कुठूनही उघडा" असं मात्र तिघांनी सांगितलं. घरच्या कितीतरी फायबर कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही, मग पुण्याहून पोरगा ते थेट उघडणार कसं, यावर गप्प.

चांगल्या कंपनीचा घ्यावा म्हटलं तर तिथे वेगळी तऱ्हा. सिनॉलॉजीनं 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या नॅसच्या सिस्टिमचं, डीएसएमचं, 7.2.2 आणलं आणि त्यात व्हिडिओ स्टेशनच काढून टाकलं. लोकांनी सिनेमे बघायला घेतलेल्या डब्यातून सिनेमाचं ॲप अपडेटनं गायब! 2025 मध्ये म्हणाले की नव्या प्लस मॉडेलमध्ये आमच्या यादीतल्याच डिस्क घाला. लोक खवळले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये डीएसएम 7.3 सोबत माघार घेतली. आणि जून 2021 मध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्हवाल्यांचं जे झालं ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. इंटरनेटला जोडलेले ते डबे बाहेरून पुसले गेले. माणसं सकाळी उठली आणि वर्षानुवर्षांचे फोटो नाहीत. कंपनीनं त्या मॉडेलचे अपडेट 2015 मध्येच थांबवले होते. किती घरांत हे माहीत असेल? डबा चालू होता, दिवा जळत होता, लोकांना वाटत होतं सगळं ठीक आहे.

हेच मला सहन होत नाही. पंखा घेतला आणि बिघडला तर दुसरा घेता येतो. इथे माणूस आपल्या मेलेल्या बापाचं काम यांच्या भरवशावर ठेवतो, आणि आत काय भरलंय एवढं एक अक्षर छापत नाहीत. वॉरंटी कार्डावर मात्र बारीक टाइपात न चुकता छापतात: डेटाची जबाबदारी आमची नाही.

मी आज 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली आहे. उद्या अकराला पुन्हा बर्डीला जातोय. दोन्ही डिस्क, बिल, कंपनीच्या त्या तक्त्याची प्रिंट, सगळं पिशवीत भरून ठेवलंय. पैसे परत मिळेपर्यंत काउंटरसमोरून हलणार नाही. वर्ध्याहून बहिणीनं तिच्याकडची कॉपी पाठवू का विचारलं. तिला म्हटलं, अजिबात पाठवू नको, तिथेच राहू दे, आणि जमलं तर आजच आणखी एका डिस्कवर उतरवून घे.