कणाला अडवून मोजणं ही मोजणीच आहे

कॅलरीमीटरवरच्या, म्हणजे कणाला अडवून त्याची ऊर्जा मोजणाऱ्या यंत्रावरच्या, माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा: चुंबकीय क्षेत्रात कणाची वाट किती वाकते यावरून ट्रॅकर (कणाची वाट टिपणारं यंत्र) त्याचा संवेग सांगतोच, मग कणाला टनावारी धातूत गाडून मागे उरलेला उजेड मोजायची धसमुसळी रीत हवी कशाला? शिवाय उष्णता मोजत नसतील, तर नाव कॅलरीमीटर का?

नावाबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘कणाची उष्णता मोजतात’ हे माझं वाक्य चूकच होतं, ते आज बदललं. १०० जीईव्हीच्या (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) कणाची सगळी ऊर्जा एक किलो पाण्यात उतरली, तरी तापमान एका अंशाच्या लाख कोटीव्या भागाच्या जेमतेम चौपट वाढेल. ते कोण मोजणार!

‘धसमुसळी’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. जड पदार्थात शिरलेला इलेक्ट्रॉन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सोडतो, फोटॉनपासून इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन अशी जोडी होते, ते पुन्हा फोटॉन सोडतात, आणि बघता बघता कणांचा वर्षाव होतो. पारदर्शक क्रिस्टलमध्ये या वर्षावाने जो उजेड पडतो, तोच मोजायचा. मूळ ऊर्जा जितकी जास्त, तितके कण जास्त. मोजायला कण जास्त म्हणजे त्यांच्या संख्येतला चढउतार प्रमाणात कमी. म्हणून ऊर्जा चौपट झाली की टक्केवारीतली चूक साधारण निम्मी होते. (क्रिस्टल-क्रिस्टलमधल्या फरकांमुळे ही सुधारणा शंभरेक जीईव्हीच्या पुढे थांबत जाते.) ट्रॅकरचं नेमकं उलट: संवेग वाढला की वाट सरळ होत जाते, आणि वाकणंच दिसेनासं झालं की मोजायचं काय? वर्षावाची खोलीही ऊर्जेच्या लॉगॅरिदमनेच, म्हणजे फार हळू, वाढते. म्हणून सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस या अवाढव्य कणशोधकाच्या मधल्या भागात २३ सेंटिमीटर लांबीचे लेड टंगस्टेटचे क्रिस्टल पुरतात. लोखंडाहून घन आणि तरी काचेसारखे पारदर्शक असे सुमारे ६१ हजार क्रिस्टल तिथे आहेत. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

आणि फोटॉनचं काय? त्याला विद्युतभार नाही, त्याची वाट वाकत नाही, उमटतही नाही. २०१२ साली हिग्ज बोसॉन ज्या खुणांवरून ओळखला, त्यांतली एक म्हणजे तो फुटून निघालेले दोन फोटॉन. त्यांची ऊर्जा काटेकोर मोजली नसती, तर आलेखातला १२५ जीईव्हीजवळचा छोटा उंचवटा पार्श्वभूमीत विरून गेला असता. १९८३ मध्ये सर्नला डब्ल्यू बोसॉन हा कण सापडला तोही अशाच हिशेबावर: एका बाजूला जोरदार इलेक्ट्रॉन, समोर काहीच नाही, आणि ती ऊर्जेची तूट न्यूट्रिनोची, म्हणजे यंत्रात कुठेही न अडता निसटणाऱ्या कणाची. सगळं अडवून मोजल्याशिवाय तूट कळणार कशी?

तुमचा आक्षेप खरा ठरतो तो प्रोटॉन, पायॉन यांसारख्या हेड्रॉनच्या बाबतीत. त्यांच्या ऊर्जेतला काही भाग अणुकेंद्रकं फोडण्यात खर्ची पडतो आणि उजेडात येतच नाही. हा भाग दर वेळी वेगळा, त्यामुळे चूक मोठी राहते. म्हणूनच सीएमएसमध्ये विद्युतभारित हेड्रॉनसाठी मुख्यतः ट्रॅकरच्या आकड्यावर भिस्त ठेवतात, फोटॉनसाठी क्रिस्टलच्या, आणि न्यूट्रॉनसारखे भार नसलेले हेड्रॉन तेवढे पितळेच्या जाड थरांच्या कॅलरीमीटरवर सोडतात.