घातातून एक वजा

साध्या कॅल्क्युलसच्या वर्गात माझं झकास चाललं होतं. एक्सचा घात पुढे आणून गुणायचा, वर एक कमी करून ठेवायचा, झालं डेरिव्हेटिव्ह. दोन चाचण्यांत पैकीच्या पैकी पडले आणि तिथेच माझा घात झाला. पेपर देताना सर सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, तू इथे काय करतोयस? वरच्या वर्गात जा." हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडीही लागली नाही. वरच्या वर्गात दोन जागा रिकाम्या होत्या आणि त्या भरायच्या होत्या, हे फार उशिरा कळलं.

तिथे बाई होत्या. "हे तर तुम्हाला येतंच" असं म्हणत त्यांनी पहिल्याच तासाला अख्खा फळा तीनदा भरला आणि पुसला. मुलं माना डोलावत होती, म्हणून मीही डोलावली. त्या वर्गात मला कंटिन्युअस अशी एवढी एकच गोष्ट जमली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "एक अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश, असंच पुढे. बेरीज कुठे थांबेल?" पदं तर लहान लहान होत चालली होती. मी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "तीनच्या आसपास," मी ठणकावलं. बाई म्हणाल्या, "घरी करून बघ."

बघितलं. १०० पदांनंतर बेरीज ५.१९च्या आसपास. १,००० पदांनंतर साडेसातही नाही. १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात. एवढं करूनही ती थांबत नाहीच. सांगाल तो आकडा ओलांडते, फक्त सावकाश. दारात उभं राहून 'चला, येतो' म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी. पहिली दोन पदं सोडली तर पुढची दोन मिळून अर्ध्याहून जास्त, त्यापुढची चार मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, असे अर्धे कधी संपतच नाहीत. ही युक्ती ओरेम नावाच्या फ्रेंच पंडिताने १४व्या शतकातच दाखवली होती. म्हणजे माझी चूक निदान सहाशे वर्षं शिळी होती.

मग बाईंनी प्रत्येक छेदाचा वर्ग केला, आणि तीच बेरीज मुकाट्याने थांबली. कुठे? पायचा (म्हणजे वर्तुळातल्या π चा) वर्ग भागिले सहा. इथे वर्तुळ कुठे होतं? पाय आला कुठून? मी सोडून कोणालाच हा प्रश्न पडला नाही, किंवा त्यांनीही माना डोलावल्या असाव्यात.

शून्य भागिले शून्य असं अडलं की वापरायचा लोपिताल रूल आला तेव्हा मात्र मला जरा धीर आला. हा नियम मुळात योहान बर्नुली या गणितज्ञाचा. लोपिताल हे सरदार गृहस्थ. त्यांनी बर्नुलीला वर्षाला ३०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देऊन त्याचे शोध घेतले आणि १६९६ साली स्वतःच्या पुस्तकात घातले. गृहपाठ विकत घेण्याची परंपरा इतकी थोर आहे, हे मी मोठ्या आशेने शेजारच्या मुलीला सांगितलं. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "हो, पण त्याला ते समजलं होतं."

पहिल्या चाचणीत मला वीसपैकी साडेसहा. त्यातही इंटिग्रेशनच्या पाच उत्तरांपुढे 'अधिक सी' हा स्थिरांक लिहायचा राहिला, म्हणून अडीच मार्क गेलेले. साधं सी! ज्याची किंमत कोणालाच माहीत नसते, ते विसरल्याची किंमत मात्र अर्धा मार्क, रोख.

मधल्या सुट्टीत मी परत खाली गेलो. सरांना स्पष्ट सांगायचं, मला खालीच घ्या, असं जिन्यातून उतरताना चारदा घोकलं होतं. वर्गात सर पेपर वाटत होते. समोर एक मुलगा उभा होता, कान लाल, चेहरा फुललेला. "अरे, तू इथे काय करतोयस?" सर त्याला म्हणत होते. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. "हा बघ, हाही इथलाच. विचार त्याला, कसं वाटतंय वर."

मुलगा माझ्याकडे बघू लागला. माझ्या बाकावरची उरलेली ती एक जागा माझ्या डोळ्यांपुढे आली.

"ये की," मी म्हणालो. "मजा येते."