हेग राहू द्या, आपली संहिता उघडा

तालिबानचे परराष्ट्रमंत्री आमीर खान मुत्तकी ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत आले. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेला एकाही महिला पत्रकाराला बोलावलं नव्हतं, आणि भारतातले माझे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप पेटले. दोन दिवसांनी दुसरी परिषद झाली, महिला पत्रकारांनी पुढे बसून तिखट प्रश्न विचारले, आणि विषय थंडावला. मी इकडे जर्मनीत बसून ती भांडणं वाचत होते. त्यात ८ जुलैचा उल्लेख काही दिसला नाही. त्या दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं होतं. आरोप असा की स्त्रियांचा आणि मुलींचा त्या केवळ स्त्रिया म्हणून छळ झाला, आणि हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे. मुत्तकींचं नाव त्या वॉरंटमध्ये नाही. त्यांच्या नेत्याचं आहे.

म्हणून इकडचे लोक फार तत्त्वनिष्ठ आहेत असं समजू नका. वॉरंट निघून दहा दिवस झाले आणि जर्मनीने ८१ अफगाण पुरुषांना विमानात बसवून काबूलला परत पाठवलं. पाठोपाठ तालिबानच्या दोन अधिकाऱ्यांना इथल्या अफगाण वकिलातींत काम करायची परवानगी मिळाली. आदल्या सप्टेंबरात याच जर्मनीने ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि नेदरलँड्ससोबत जाहीर केलं होतं की स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली अफगाणिस्तानला जाब विचारू. एका हाताने नोटीस, दुसऱ्या हाताने परवाना.

त्यामुळे ‘हेग म्हणजे गोऱ्यांची पंचायत’ असं मायदेशातले मित्र म्हणतात तेव्हा मी फारसा वाद घालत नाही. २०२१ मध्ये याच न्यायालयाचे मुख्य अभियोक्ते करीम खान यांनी अफगाणिस्तानच्या तपासात अमेरिकी सैन्यावरचे आरोप मागे ठेवले, हे सगळ्यांनी पाहिलं. पुढे ते स्वतःच लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांच्या चौकशीमुळे रजेवर गेले; आरोप त्यांनी नाकारले आहेत. १९९८ मध्ये या न्यायालयाचा पाया असलेल्या रोम करारावर मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला या न्यायालयात इतकं स्थान का, आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत का नाही, हे भारताचे प्रश्न होते. ते आजही रास्त वाटतात.

पण मला हेगपेक्षा जास्त शिकवलं ते कोब्लेन्झने. ऱ्हाईनकाठच्या या मध्यम शहरातल्या न्यायालयात २०२० ते २०२२ या काळात अन्वर रसलान या सीरियन अधिकाऱ्यावर खटला चालला. दमास्कसमधल्या अल खतीब तुरुंगात चौकशी विभागाचा तो प्रमुख, नंतर स्वतःच निर्वासित म्हणून जर्मनीत आलेला. सरकारी वकिलांनी छळ आणि खून हे मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणून मांडले, पण कैद्यांवरचा लैंगिक अत्याचार मात्र साध्या दंडसंहितेखाली, सुट्या प्रकरणांसारखा लावला. खटल्यात सहवादी झालेल्या पीडितांच्या वकिलांनी त्याला हरकत घेतली. तुरुंगातला बलात्कार हा कुणा पहारेकऱ्याचा विकार नाही, तो छळाच्या पद्धतीचाच भाग आहे, असा त्यांचा मुद्दा. न्यायालयाने तो मानला, आणि जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेप झाली ती त्या कलमासकट.

त्या खटल्यात उणंही होतं. कामकाज जर्मनमध्ये, ज्यांच्या देशाचा खटला त्या सीरियन पत्रकारांना अरबी भाषांतर ऐकू येण्यासाठी थेट घटना न्यायालयात जावं लागलं. तरीही सहवादी म्हणून पीडितेचा स्वतंत्र वकील उभा राहतो, साक्षीदाराला प्रश्न विचारतो, आरोपाचं स्वरूप बदलायला लावतो, हे मी भारतात पाहिलेलं नाही. आपल्याकडे पीडितेचा वकील सरकारी वकिलाला मदत करू शकतो. उलटतपासणी स्वतः घेऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

आता मणिपूर बघा. जमावाने दोन कुकी स्त्रियांची नग्न धिंड काढल्याची ४ मे २०२३ ची घटना देशाला १९ जुलैला कळली, तीही व्हिडिओ फिरला म्हणून. मग फाशीची मागणी. आपला राग नेहमी तिथेच जाऊन थांबतो: चेहरे दिसले, यांना लटकवा. जमाव कुणी जमू दिला, कुणाला आधी कळलं होतं, कुणाच्या हातात थांबवणं होतं, हे प्रश्न अग्रलेखांपुरते. जातीय हिंसाचारातल्या बलात्काराला २०१३ पासून वेगळं, कडक कलम आहे. एफआयआर न नोंदवणाऱ्या पोलिसालाही शिक्षा आहे. मात्र हाताखालच्या माणसांना न रोखणारा वरिष्ठ त्यांच्याच गुन्ह्याला जबाबदार धरता येईल, असं कलम नाही. रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहारासाठी संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणापुढे उभा राहिलेला जाँ-पॉल अकायेसू हा एका तालुक्याएवढ्या भागाचा प्रमुख. त्याने स्वतः कुणावर बलात्कार केल्याचा आरोप नव्हता. त्याच्या कचेरीच्या आवारात, त्याच्या उत्तेजनाने बलात्कार झाले. सुरुवातीच्या आरोपपत्रात या बलात्कारांचा उल्लेखही नव्हता. साक्षीला आलेल्या एका बाईने मुलीवरच्या बलात्काराबद्दल सांगितलं, न्यायाधीशांनी तो धागा सोडला नाही, आणि आरोपपत्र बदललं. त्या पीठावरची एकमेव स्त्री होती भारतीय वंशाच्या नवी पिल्ले. सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरला.

हे सगळं आपल्याला हेगला न जाता करता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सज्जन कुमारला १९८४ च्या हत्याकांडात दोषी ठरवताना लिहिलंच होतं की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, आणि ही फट तातडीने बुजवायला हवी. पाच वर्षांनी संसदेने अख्खी दंडसंहिता नव्याने लिहिली. संघटित गुन्हेगारी आली, दहशतवादी कृत्य आलं. हे दोन आले नाहीत. वंशसंहाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५९ मध्येच मंजूर केला आहे, आणि त्यात असा कायदा करण्याची हमी आहे.

एका वकील मैत्रिणीचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो: असं कलम आलं की पहिल्यांदा ते सरकारच्या विरोधकांवरच लागेल. म्हणून खटला चालवायची परवानगी सरकारच्या हाती ठेवून हे कलम आणण्यात अर्थ नाही. पीडितांना थेट उच्च न्यायालयात जाता यायला हवं, आणि स्वतंत्र वकिलासह सहवादी होता यायला हवं. तेवढं नसेल तर मीही या मागणीवर सही करणार नाही.