पुदुच्चेरीहून परतलेल्या सोलापूरकरांसाठी नवी पेठेच्या काही सूचना

सुट्टीत पुदुच्चेरीला जाऊन आलेल्या सर्व सोलापूरकर बंधुभगिनींचे प्रथम अभिनंदन. तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता वाहनांना बंदी होते ती थेट सकाळी साडेसातपर्यंत, आणि त्या मोकळ्या रस्त्यावर आपण सहकुटुंब, गुडघेदुखी विसरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललात. गांधीजींच्या पुतळ्यापुढची आपली छायाचित्रे आम्हा सर्वांच्या मोबाइलवर पोहोचली आहेत. ‘गाड्या नसल्या की किती बरं वाटतं’ हा त्याखालचा मजकूरही वाचला. मात्र परक्या गावी लागलेली चालण्याची सवय घरी आल्यावर अंगाशी येऊ शकते, म्हणून खरेदी आणि खाणे यांसाठी संध्याकाळी नवी पेठेत आणि पार्क चौपाटीवर जाणाऱ्यांकरिता पुढील सूचना नम्रपणे मांडत आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवी पेठेत पायी जाऊ नये. दुचाकी घेऊन जावे, ती दुकानाच्या पायरीला टेकेपर्यंत न्यावी, आणि शक्य असल्यास खाली न उतरताच ‘ह्याच्यात एक्स्ट्रा लार्ज आहे का?’ असे विचारावे. मागे अडकलेल्यांना थांबण्याची सवय होते.

तरीही चालण्याचा मोह आवरत नसेल, तर पदपथाची रचना समजून घ्यावी. चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्याकडे या रुंदीत आधी दुकानाबाहेर आलेला चपलांचा स्टँड बसतो, त्याला लागून साडी नेसवलेला पुतळा उभा राहतो, त्यापुढे दुकानातल्याच कामगारांच्या गाड्या लागतात, आणि उरलेल्या जागेत उघड्या गटाराचे झाकण असते. पदपथावरून निर्वेध चालता येणे हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. साडी नेसवलेल्या पुतळ्याला हे अद्याप कळलेले दिसत नाही.

हातगाडीवाल्यांना शिव्या देण्याची पद्धत आहे, ती खुशाल पाळावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना विक्रीसाठी ठरवून जागा द्यायला सांगितल्या आहेत, याची चौकशी करण्याच्या फंदात पडू नये. तो बिचारा निदान आपल्याला पाहून गाडा मागे ओढतो.

पार्क चौपाटीवर समुद्र नसल्यामुळे वाळूत चप्पल रुतण्याची भीती नाही.

तिथे पाणीपुरी खाताना रस्त्याकडे पाठ करून उभे राहू नये.

तंबाखूचा मावा खाणाऱ्याच्या डाव्या बाजूला कधीही थांबू नये. उजव्या बाजूलाही थांबू नये.

आता हॉर्नविषयी. नवी पेठेत हॉर्न हा इशारा नसून हुकूम असतो, हे ज्याला कळले नाही त्याने तिथे पाऊल ठेवू नये. गेल्या रविवारी मी आमच्या अक्कांना घेऊन लग्नाच्या आहेराचे टॉवेल आणि चादरी घ्यायला गेलो होतो. अक्कांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे, त्या काठी टेकत रस्त्याच्या अगदी कडेने चालत होत्या, कारण पदपथावर वर सांगितलेली मंडळी होती. मागून एक स्कूटर आली. तिला पुढे जायला जागा नव्हती, हे चालवणाऱ्याला दिसत होते, आम्हाला दिसत होते, सगळ्या गल्लीला दिसत होते. तरीही खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल धरून तो गृहस्थ हॉर्नवरचा अंगठा काढायला तयार नव्हता. शेवटी त्याने स्कूटर घुसवलीच. आरसा अक्कांच्या कोपराला लागला, काठी सुटली, टॉवेलांची पिशवी चिखलात पडली, आणि तो म्हणाला, ‘ओ मावशी, बघून चाला की, रस्ता हाय ह्यो.’ बघून कोणी चालायचे? पाठीला डोळे असलेल्या माणसांनी? कारण नसताना हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या १९४एफ या कलमाखाली पहिल्या वेळेस एक हजार रुपये दंड आहे. नवी पेठेत एका संध्याकाळी तो नीट वसूल केला, तर सगळ्या पेठेला फरशी बसेल! एवढी घाई करून हा माणूस निघाला कुठे होता, हेही आम्ही पाहिले. वीस पावलांवर त्याने स्कूटर आडवी लावली आणि आइस्क्रीम घेत उभा राहिला. आजूबाजूचे दुकानदार अक्कांना समजावत होते, ‘हितं असंच असतंय, मावशी.’ समजावले अक्कांना. त्याला कोणी एका शब्दाने विचारले नाही.

याच दुकानदारांना पेठेत वाहने बंद करण्याविषयी विचारून पाहावे. गिऱ्हाईक तुटेल, असे ते काळजीने सांगतात. मग दरवर्षी संक्रांतीला होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेची जत्रा, आपला गड्डा, भरतो, तिथे गिऱ्हाईक काय स्कूटरवरून पाळण्यात बसते? अख्खे सोलापूर त्या गर्दीत लेकरांना खांद्यावर घेऊन पायी फिरते, बांगड्यांपासून भांड्यांपर्यंत सगळे विकत घेते, आणि पिशव्या हातात घेऊन चालतच बाहेर पडते. नंदीध्वजांमागून ६८ लिंगांची प्रदक्षिणा करणाऱ्या गावाचे पाय एरवी पार्क चौकापासून नवी पेठेपर्यंतच्या पाच मिनिटांत दुखू लागतात, हे सिद्धेश्वरालाच ठाऊक. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीसांत आपण नववे आलो, तेव्हा आपल्या सर्वांच्या माना ताठ झाल्या होत्या. त्या ताठ मानांनी खाली पदपथाकडे कधी पाहिलेच नाही.

महापालिकेने पट्टे मारावेत, पोलिसांनी दंड करावा, हे सगळे खरेच आहे, आणि ते होत नाही म्हणून त्यांनाही बोलायला हवे. पण पुदुच्चेरीला आपल्याला सरळ वागवायला कोणता पोलीस सोबत आला होता? तिथे बॅरिकेड दिसले की आपण निमूटपणे गाडी लांब लावलीत आणि उतरलात. इथे बॅरिकेड दिसले की त्याच्या आणि भिंतीच्या मधून स्कूटर जाते का, ते मोजता.

सूचना पुरे झाल्या. सरळच सांगतो. तुम्हाला चालता येते, हे तुमच्याच फोटोंत सगळ्यांनी पाहिले आहे. गाडी लांब लावा आणि चालत या. दुकानाचा माल दुकानात ठेवा. पोरगा अठराचा झाला नाही तोवर त्याच्या हाती किल्ली देऊन ‘जा, पटकन घेऊन ये’ म्हणून पेठेत धाडू नका. एखाद्या म्हातारीला धक्का लागला तर थांबा, उतरा, तिची काठी उचलून द्या. माफी मागितल्याने आइस्क्रीम वितळत नाही. आणि मागून हॉर्न वाजवणे बंद करा. मला तो ऐकू येतो आहे, पण मी बाजूला सरकणार कुठे? तिथे तुमच्या भावाची गाडी लावलेली आहे.